मुद्देमाल

गुरुवार हा दत्ताचा वार. आमच्या खात्यात तो बदलाचा वार. आकाशातला एखादा मार्ग सरकवायचा असो, एखाद्या बिंदूचं नाव बदलायचं असो की धावपट्टीवर उतरण्याची पद्धत, असला बदल मनात आला म्हणून लागू करता येत नाही. जगभरात त्यासाठी अठ्ठावीस दिवसांचं चक्र ठरलेलं आहे. ते गुरुवारीच फिरतं, ग्रीनिचच्या शून्य वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. दूधवाला आणि नवा नियम आमच्या दारात एकाच वेळी उभे असतात.

अशा गुरुवारी पाच वीसला, ड्यूटी असो नसो, एक गृहस्थ वॉचरूमचं दार ढकलून आत यायचे. हाफ शर्ट, खिशाला तीन पेनं (एक निळं, एक लाल आणि एक न चालणारं, पण असू दे म्हणून), कपाळावर चढवलेला चष्मा आणि हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. कुणाशी बोलायचे नाहीत. मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. साडेपाच वाजून एक मिनिटाने डायरीत काहीतरी लिहायचे आणि चहा घेऊन निघून जायचे. चहावाल्या पोऱ्याकडूनसुद्धा ऑर्डर परत म्हणवून घ्यायचे, वैमानिकाकडून घेतात तशी. "एक चहा, बिनसाखर, कप अर्धा" हे त्याने बरोबर उच्चारल्याशिवाय त्याला जाता यायचं नाही. त्या डायरीतल्या मुद्द्यांवरून आणि त्या पिशवीवरून अख्खं ऑफिस त्यांना "मुद्देमाल" म्हणायचं. तोंडावर अर्थातच "सर".

विमानतळाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सरांचं पत्र येईल, "तिसऱ्या परिच्छेदात नाव आहे, संदर्भ नाही."

सर आमच्या संघटनेच्या टेक्निकल कमिटीचे निमंत्रक. कमिटी तिघांची. एक सभासद बदली होऊन चेन्नईला गेलेले आणि दुसरे आपण सभासद आहोत हेच विसरलेले, त्यामुळे कमिटीत कायम एकमत असायचं. काम एवढंच की प्रशासनाने कुठलंही नवं यंत्र, नवं सॉफ्टवेअर, नवी कार्यपद्धती काढली की ती आधी तपासायची आणि माइक हातात धरणाऱ्या माणसाच्या बाजूने म्हणणं मांडायचं. बाकीच्या संघटना पगारासाठी भांडतात, बढतीसाठी भांडतात. आमचे सर शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यातल्या फरकासाठी भांडले. आठ महिने. शेवटी शून्याच्या पोटात तिरकी रेघ आली, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्या शिफ्टला पेढे वाटले.

पिशवीत काय असतं ते त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. एक स्टीलची पट्टी. एक विजेरी. डावं बटण झिजून गुळगुळीत झालेला माउस. कोपरा उडालेला एक प्लास्टिकचा स्ट्रिप होल्डर. संध्याकाळी चार चाळीसला टॉवरच्या पश्चिमेच्या काचेतून ऊन आत येतं आणि पडदा पांढराफटक पडतो, त्याचे बारा फोटो, महिन्याला एक. आणि साबुदाण्याच्या वड्यांचा डबा, कारण गुरुवार. डबा सोडून प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ, वेळ ग्रीनिचची. पोलिसांच्या मालखान्यातसुद्धा इतकी शिस्त नसेल.

पत्रं मात्र वाचण्यासारखी. "विषय" नेहमीचा. खाली "संदर्भ : १) आमचे पत्र. २) त्यास आपले न आलेले उत्तर." मग मुद्दे, चार जातींचे : खुलासा हवा, सूचना, हरकत, आणि तीव्र हरकत. तीव्र हरकत लाल पेनाने. वरून उत्तर आलंच तर दोन शब्दांचं यायचं, "नोंद घेतली." सरांनी त्या उत्तरांची वेगळी फाइल केली होती. फाइलचं नावच "नोंद घेतली". ती सगळ्यांत जाड होती.

त्यांचं आवडतं वाक्य आंतरराष्ट्रीय नियमांतलं. सुरक्षिततेशी संबंध असलेला महत्त्वाचा बदल करायचा तर आधी त्याची सुरक्षा-तपासणी व्हायला हवी आणि वापरकर्त्यांशी सल्लामसलत झालेली असावी, अशा अर्थाचा तो नियम. सर "वापरकर्त्यांशी" या शब्दावर टेबल ठोकायचे. एकदा बैठकीत एका हुशार अधिकाऱ्याने सांगितलं, की साहेब, इथे वापरकर्ते म्हणजे विमान कंपन्या, आकाश वापरणारे, तुम्ही नव्हे. खोली गप्प. सरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "मी ही खुर्ची वापरतो का?" "हो." "हा माइक?" "हो." "मग लिहून घ्या. वापरकर्ता उपस्थित आहे. सल्लामसलत सुरू करा."

आम्ही तरुण मंडळी त्यांना बदलाचे वैरी समजायचो, आणि एकदा मी तसं बोलूनही गेले. तर म्हणाले, "२७ नोव्हेंबर २००३. वार सांग." मला काय ठाऊक. "गुरुवार. त्याआधी एकोणतीस हजार फुटांच्या वर दोन विमानांत उभं अंतर दोन हजार फुटांचं असायचं. त्या पहाटे आपल्याकडे ते एक हजारावर आणलं. एकेचाळीस हजारापर्यंत. एका रात्रीत आकाशात सहा नवे मजले निघाले गं. इतका मोठा बदल आपल्या खात्यात मी दुसरा पाहिला नाही. मी विरोध केला? मी टाळ्या वाजवल्या. कारण त्याच्याआधी तपासलं होतं, शिकवलं होतं, पुन्हा तपासलं होतं." मग थोडं थांबून, "छपाईत एक चूक होती. ती मी कळवली."

संपाची भाषा मात्र ते कधी करायचे नाहीत. कुणी गरम डोक्याने "काम बंद" म्हणालं की सर १९८१ च्या अमेरिकेत जायचे. ऑगस्टच्या ३ तारखेला तिथले सुमारे तेरा हजार हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे आमच्याच कामाचे लोक, संपावर गेले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर अकरा हजारांहून जास्त लोकांना घरी पाठवलं. संघटनाही गेली. "त्यांच्याही मागण्या होत्याच," सर म्हणायचे. "संपाने काय मिळालं? प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणाऱ्याला कामावरून काढता येत नाही, फक्त कंटाळता येतं." आणि कंटाळा आणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आता इलेक्ट्रॉनिक स्ट्रिपची गोष्ट सांगते.

स्ट्रिप म्हणजे इंचभर रुंद, वीतभर लांब कागद. एका विमानाला एक. त्यावर विमानाचा कॉल साइन, प्रकार, मार्ग, उंची, वेळ. ती प्लास्टिकच्या होल्डरमध्ये खोचायची आणि समोरच्या उतरत्या फळीवर लावायची. विमान पुढे सरकलं की स्ट्रिप सरकते. टक. विमान दुसऱ्या नियंत्रकाकडे गेलं की स्ट्रिप त्याच्या हातात. रडार बंद पडलं तरी फळीकडे बघून आकाश कळतं. जीप धावपट्टीच्या तपासणीला गेली की फळीवर रनवेच्या जागी लाल होल्डर आडवा पडतो, आणि तो असेपर्यंत तिथे दुसरी स्ट्रिप लागत नाही, म्हणजे लावायला हातच धजत नाही. नवशिक्या नियंत्रकाची पहिली दोन वर्षं स्ट्रिप लिहिण्यात जातात. नाइटला मनगट भरून यायचं. त्यामुळे कागद जाणार, स्ट्रिप आता पडद्यावर बोटाने सरकवायची, हे कळल्यावर आम्ही नवस फेडायच्या तयारीत होतो.

कंपनीचा इंजिनिअर प्रात्यक्षिकाला आला. चुणचुणीत मुलगा, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर सगळ्यांना सुखी करण्याची इच्छा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की शेवटच्या रांगेत पिशवी घेऊन बसलेल्या माणसाकडे पाहून हसायचं नसतं. तो हसला. सर उठले. हातात चाळीस मुद्द्यांचा कागद.

पहिले दहा अक्षरांचे. आठ आणि बी, एक आणि आय, पाच आणि एस, रात्री तीन वाजता, चाळिशीच्या डोळ्यांना. अकरावा आवाजाचा. कागदी स्ट्रिप सरकली की टक होतं, शेजारच्याला मान न वळवता कळतं. इथे टक नाही. मुलगा म्हणाला, "सर, टक घालून देऊ." सर म्हणाले, "कुठला टक? लाकडाचा की प्लास्टिकचा?" आम्ही मागे रुमाल तोंडात धरले.

बाराव्या मुद्द्याला त्यांनी पिशवीतून दोन होल्डर काढून टेबलावर एकाखाली एक ठेवले. मग करंगळीने खालचा जरासा बाहेर ढकलला, तिरका.

"हे काय झालं?"

"सर, स्ट्रिप लाइनमधून बाहेर गेली."

"चूक. ही ओरडतेय. या विमानाचं काहीतरी राहिलंय, उंची द्यायचीय, पुढच्याला विचारायचंय, विसरू नकोस. हे कुठल्या पुस्तकात नाही आणि जगात सगळ्या नियंत्रकांना येतं. तुमची स्ट्रिप तिरकी करून दाखवा."

मुलाने पडद्यावर बोट फिरवलं. स्ट्रिप वर गेली, खाली गेली, लाल झाली, हिरवी झाली. तिरकी होईना. सरांनी मग त्याला बसवून फ्रान्समधल्या वेंडी मॅके या संशोधक बाईंबद्दल सांगितलं. पॅरिसजवळच्या आतिस-मोन्स केंद्रात त्यांनी नियंत्रकांच्या पाठीमागे बसून त्यांचे हात पाहिले. कोण स्ट्रिप कशी धरतो, कशी देतो, कशी तिरकी ठेवतो. १९९९ साली त्यांचा निबंध आला, आणि कागद जास्त सुरक्षित असतो का, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. मुलगा टिपणं काढायला लागला. इथे माझं मन जरा बदललं, पण सरांबद्दल नाही, त्या मुलाबद्दल.

मग अमेरिका पुन्हा आली. १९९० च्या दशकात तिकडे "स्टार्स" नावाची नवी रडारप्रणाली आणली. जुन्या यंत्राला गोल फिरवायची बटणं होती, नजर पडद्यावर ठेवून हाताला सापडणारी. नव्यात ती जाऊन सगळं मेनूत गेलं. आणि मेनूची खिडकी उघडली की तिच्याखाली विमानं झाकली जायची! तिथल्या नियंत्रकांच्या संघटनेने त्यावर बोट ठेवलं. रचना पुन्हा करावी लागली, वर्षं वाढली, खर्च वाढला. "आता तुमची खिडकी उघडा," सर म्हणाले. उघडली. खाली काही झाकलं गेलं नाही. सर खट्टू झाले. "हं. चांगलं आहे," असं इतक्या दुःखाने म्हणाले, की मुलानेच त्यांना पाणी दिलं.

तेरा ते बावीस मुद्दे मी ऐकलेच नाहीत. कुणीच ऐकले नाहीत. एकात खुर्चीची चाकं होती एवढं आठवतं. एसी चांगला होता, वरिष्ठ साहेबांचे डोळे मिटलेले होते.

"मुद्दा तेवीस," सर म्हणाले. "जीप धावपट्टीवर आहे. लाल पट्टी लावा."

मुलाने लावली. छान लाल झाली.

"आता टेक-ऑफवाल्याची स्ट्रिप धावपट्टीवर ओढा."

"सर, ओढता येणार नाही. सिस्टिम अडवेल."

"ओढा ना."

मुलाने खात्रीने बोट टेकवलं आणि ओढलं. स्ट्रिप अलगद सरकली आणि लाल पट्टीच्या डोक्यावर जाऊन बसली. टक झालं नाही. काहीच झालं नाही. पडद्यावर एक जीप आणि भरलेलं एक विमान एकाच धावपट्टीवर गुण्यागोविंदाने नांदत होतं.

वरिष्ठ साहेबांचे डोळे उघडले होते. मुलाने पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा गेली. तो म्हणाला, "सर, हे सेटिंग बहुतेक..." आणि पुढचं वाक्य त्याला मिळालं नाही. सरांनी विजयाची मुद्रा वगैरे काही केली नाही. डायरीत खूण केली आणि म्हणाले, "मुद्दा चोवीस. माउसची वायर आखूड आहे."

इलेक्ट्रॉनिक स्ट्रिप दोन चक्रं पुढे गेल्या, म्हणजे छप्पन्न दिवस. आम्ही छप्पन्न दिवस हाताने स्ट्रिप लिहिल्या आणि सरांना जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या स्ट्रिपवर मावल्या नसत्या. जिन्यात साहेबांनी त्यांना गाठलं. "मान्य, तेविसावा महत्त्वाचा होता. पण बाकीचे एकोणचाळीस फालतू होते." सर म्हणाले, "अडतीस. सतरावा पुन्हा वाचा."

सतरावा मुद्दा मायक्रोवेव्हचा होता.

दोन विमानं एकमेकांच्या फार जवळ येणार असं गणिताने दिसलं की पडदा चमकतो आणि इशारा वाजतो. नव्या यंत्रणेतला इशारा, सरांच्या मते, पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हसारखा वाजायचा. तीन ठोके, तोच सूर. त्यांनी एका सोमवारी दुपारी वॉचरूममध्ये बसून मोजलं. पोहे गरम झाले, टिंटिंटिं, नऊ माना वर. त्यांनी रोज मोजलं. शुक्रवारी कुणाची तरी डाळ गरम झाली तेव्हा दोनच माना वर आल्या. त्यातली एक डाळवाल्याची. सरांना भीती डाळीची नव्हती, न उठलेल्या सात मानांची होती. हा तक्ता त्यांनी पत्राला जोडला, उभ्या अक्षावर माना, आडव्या अक्षावर वार.

प्रशासनाने या वेळी दोन शब्दांवर भागवलं नाही, चक्क कृती केली. यंत्राचा आवाज बदलायचा तर कंपनीला पैसे द्यावे लागणार होते. मायक्रोवेव्ह आमचाच होता. एका सकाळी तो पॅन्ट्रीतून नाहीसा झाला. पुढचे चार महिने आम्ही गार पोळ्या खाल्ल्या आणि सर पॅन्ट्रीत आले की डबे झाकले जायचे. त्यांना ते लागलं असावं, कारण आठवड्यात नोटीस बोर्डावर प्रत लागली : "मायक्रोवेव्ह हटवणे हा कार्यपद्धतीतील बदल असून त्याबाबत वापरकर्त्यांशी सल्लामसलत झालेली नाही. तीव्र हरकत." लाल पेनाने.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवले. काकूंनी ताट वाढताना सगळं सांगितलं. नवा कुकर आणला तेव्हा सरांनी महिनाभर जुना आणि नवा समांतर चालवायला लावले. एकाच डाळीचे दोन भाग, दोन शेगड्या, मध्ये सर डायरी घेऊन. त्याला आमच्याकडे शॅडो ऑपरेशन म्हणतात. नवी यंत्रणा चालते पण काम जुनीच करते, नवीवर कुणी विसंबायचं नाही. "महिनाभर आम्ही जुन्या कुकरची डाळ जेवलो," काकू म्हणाल्या, "आणि नव्याची कामवाल्या मावशींना. त्या म्हणायच्या, वहिनी, तुमची नवी डाळ फार छान." सून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लग्न ठरताना पत्रिका पाहिली नाही, तिने सरांच्या बँकेच्या ॲपमधली चूक शोधून दाखवली आणि सरांनी होकार दिला. रविवारी सकाळी सासरा आणि सून गॅलरीत बसून लोकांच्या यंत्रांतल्या चुका वाचतात. मुलगा म्हणे तेव्हा बाहेर फिरायला जातो.

एवढं सगळं हसून सांगता येतं. एक रात्र जरा वेगळी आहे.

रात्री दोन ते चार रडारच्या सर्व्हरची देखभाल होती. परिपत्रक आलेलं, मी सही केलेली. मी अप्रोचवर, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांवर होते. ट्रॅफिक विरळ, एसी गार, डोळ्यांत रेती. दीडला दार ढकललं गेलं. पिशवी.

"काय काय बंद होणार आहे?" सरांनी विचारलं.

"सर, परिपत्रकात आहे. सही केलीय."

"सही केलीस ते दिसतंय. वाचलंस का विचारतोय."

वाचलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक करून वाचून दाखवलं. मुख्य सर्व्हर बाजूला. पडदा राखीव मार्गावर. जवळ आल्याचा इशारा दोन तास नाही. ते सांगून झाल्यावर म्हणाले, "उबरलिंगेन माहितेय ना?" ट्रेनिंगमध्ये शिकवतात, परीक्षेपुरतं माहीत होतं.

"१ जुलै २००२. गाव जर्मनीतलं, पण वरचं आकाश झुरिचचं केंद्र सांभाळायचं. रात्री दोघे जण ड्यूटीला. एक विश्रांतीला गेलेला, तशी तिथली पद्धतच पडली होती. उरलेला एकटा दोन पडदे बघतोय. मुख्य यंत्रणा देखभालीला काढलेली. पडद्यावरचा इशारा बंद, आणि तो बंद आहे हे त्याला ठाऊक नाही. मुख्य फोन बंद. राखीव फोन बिघडलेला. शेजारी कार्ल्सरूहच्या केंद्रात दिसतंय की दोन विमानं एकमेकांवर जाताहेत. ते फोन लावताहेत. पुन्हा लावताहेत. लागत नाही." सर नेहमी हातवारे करून बोलतात, त्या रात्री हात पिशवीवर होते. "एक मालवाहू विमान, एक प्रवासी. ७१ माणसं. बरीच शाळकरी मुलं. यंत्र काढायला कुणाची ना नव्हती गं. काढताना फोनवाल्याने इशारेवाल्याला विचारलं नाही, आणि दोघांनी खुर्चीवाल्याला विचारलं नाही."

मग ते उठले आणि कोपऱ्यातला राखीव फोन उचलला. कानाला लावला. टोन होता. खाली ठेवला. खिशातून मोबाइल काढून तोच नंबर फिरवला आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

फोन वाजला नाही. त्याच्या डोक्यावरचा चिमुकला दिवा मुकाट्याने लुकलुकत होता.

सरांनी विजेरी काढली, फोन उलटा केला. घंटीचं बटण "बंद"कडे ढकललेलं होतं आणि ते परत सरकू नये म्हणून वरून सेलोटेप लावलेली होती. चांगली घट्ट, कडा नखाने दाबून बसवलेली.

ती सेलोटेप मी लावली होती. तीन आठवड्यांपूर्वी, अशाच एका नाइटला. कुठेतरी तो नंबर चुकून चौकशीचा म्हणून छापला गेला होता, आणि रात्री दोनला लोक विचारायचे, "पुण्याची फ्लाइट लागली का हो?" चौथ्या फोननंतर मी टेप आणली. नंतर विसरले. मी हे सरांना सांगायला तोंड उघडलं, पण शब्द निघेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टेप सोलली, चार बोटं लांब तुकडा, डायरीच्या पानावर चिकटवला, खाली वेळ लिहिली. पुन्हा नंबर फिरवला. फोन खणखणला, एरियावाले दचकून उठले. सर भिंतीला टेकून चारपर्यंत उभे होते. डब्यातला वडा त्यांनी मला दिला. गुरुवारच लागला होता तोवर.

पत्र दोन दिवसांनी आलं. मी धडधडत्या छातीने वाचलं. पहिले तीन मुद्दे परिपत्रकाच्या भाषेबद्दल. मग, "निरीक्षण क्र. ४ : राखीव फोनच्या घंटीच्या बटणावर चिकटपट्टी आढळली. ती कुणी लावली याची चौकशी करू नये. नियंत्रण कक्षाच्या फोनवर रात्री प्रवासी चौकशीचे फोन का येतात, याची करावी." पाचवा मुद्दा पुन्हा खुर्चीच्या चाकांचा.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला तो इंजिनिअर मुलगाही आला होता, आता त्याचंही थोडं टक्कल दिसतं. त्याने मोबाइलवर दाखवलं : त्यांच्या नव्या आवृत्तीत स्ट्रिपवर दोनदा बोट टेकवलं की ती जराशी तिरकी होते. सरांनी चष्मा खाली ओढून बराच वेळ पाहिलं. "किती अंश?" त्यांनी विचारलं. मुलाने सांगितलं. "दोन अंश कमी पडताहेत," सर म्हणाले, आणि मुलाने कागद मागितला.

संघटनेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आमच्या हौसेने खास करून घेतलेलं, दोन तबकड्यांचं, एक आपल्या वेळेची आणि एक ग्रीनिचची. निवृत्त नियंत्रकाला दुसरं काय द्यायचं? टेक्निकल कमिटी आता माझ्याकडे आहे. दुसरे सभासद अजून चेन्नईत आणि तिसरे अजून विसरलेले, म्हणून एकमत कायम आहे. पिशवीही सरांनी माझ्याकडे दिली, डबा काढून घेऊन.

दहा दिवसांत पत्र आलं. विषय, भेट दिलेले घड्याळ. संदर्भ, निरोप समारंभ. मुद्दे सहा. दोन्ही तबकड्या एकाच मापाच्या असल्याने अर्धवट झोपेत चुकीची पाहिली जाते, परवा सौ.नी दुपारी पाऊण वाजता संध्याकाळचा दिवा लावण्याची तयारी केली, तरी ग्रीनिचची तबकडी लहान असावी. काटे चकाकतात, ऊन पडल्यावर दिसत नाहीत (फोटो सोबत). सेकंद काट्याचा आवाज मायक्रोवेव्हशी मिळताजुळता नाही, याबद्दल समाधान. शेवटचा मुद्दा लाल पेनाने. खरेदीपूर्वी वापरकर्त्याशी सल्लामसलत झाली नाही.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर नव्या उतरण्याच्या पद्धतीचं साठ पानी परिपत्रक होतं, दोन मुलं रजेवर होती, आणि साहेबांना माझ्या सत्तावीस मुद्द्यांवर बोलायचं होतं. मी घाईघाईने उत्तर टाकलं, "नोंद घेतली."

पाच मिनिटांत फोन आला. राखीव फोनवर. खणखणीत वाजला.

"अगं, नोंद घेतली म्हणजे काय?" सर विचारत होते. "घड्याळ बदलून कधी मिळणार?"

"बघते सर. पुढच्या गुरुवारपर्यंत."

पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"पुढचा म्हणजे येणारा," सर म्हणाले, "की चक्राचा?"